बाईनं केलं तेव्हा कारकुनी, बाप्यानं केलं की इंजिनिअरिंग

यंत्राला जात नसते, असं परवा आमच्या कट्ट्यावर एकजण छातीठोक म्हणाला. आपल्यातलाच पोरगा. ऐरोलीला एका कंपनीत कामाला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. म्हणाला, कम्प्युटरच्या धंद्यात तू कुणाचा कोण, बाई की बाप्या, कुणी विचारत नाही. कोड चांगला लिहिलास तर वर, नाही तर घरी. मी म्हटलं, बाबा, तुमच्या टीममधे मिटिंग संपल्यावर कोण काय बोललं ते लिहून काढायचं काम कुणाकडं असतं? म्हणाला, एक मॅडम आहेत. मी म्हटलं, मॅडमचं शिक्षण? म्हणाला, माझ्यापेक्षा जास्त.

यंत्राला जात नसेल. मस्टरला असते.

आता तुम्ही म्हणाल, गोदीतल्या माणसाला यातलं काय कळतं. बरोबर आहे. मी दहावी पास, लॅशिंगच्या गँगमधे. जहाजावर कंटेनरची पाच-सहा मजली चाळ उभी राहते, ती भर समुद्रात ढासळू नये म्हणून लोखंडी रॉड आडवे-तिडवे लावून टर्नबकलनं आवळायचे, हे आमचं काम. किती आवळायचं, कुठला रॉड आधी, ओल्या पोलादावर पाय कसा टाकायचा, हे कुठल्या वहीत नाही. हाताला माहीत असतं, आणि हाताला ते कळेस्तोवर एकदोघांची बोटं गेलेली असतात. पण ठेकेदाराच्या कागदावर मी कोण? अकुशल. हे ठरवलं कुणी? ज्यानं उभ्या जन्मात रॉड उचलला नाही त्यानं. म्हणून कुशल-अकुशल, डोक्याचं-हाताचं असे शब्द कुणी काढले की माझे कान उभे राहतात. ते कान घेऊनच मी या कम्प्युटरच्या धंद्याचा इतिहास वाचायला बसलो, कारण हा धंदा स्वतःला हुशारीचं देवस्थान समजतो. आणि पहिल्याच पानावर सहा बाया भेटल्या.

दोस्तांनो, कम्प्युटर हा शब्द आधी यंत्राचा नव्हताच. तो माणसाचा हुद्दा होता. आकडेमोड करणारा तो कम्प्युटर. आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ही आकडेमोड करणारी बहुतेक बाईच, कारण बाप्ये लढाईवर. फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमधे सैन्यासाठी तोफांचे तक्ते बनत. गोळा हवेत कसा जाईल आणि कुठं पडेल याचा एक हिशोब हातयंत्रावर करायचा तर तीस-चाळीस तास. हे जलद व्हावं म्हणून तिथं एनिअ‍ॅक नावाचं धूड बांधलं. अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व, वजन ३० टन, खोलीच्या भिंतीला भिंत लावून उभं. बांधणारे जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट. त्यांचं श्रेय त्यांना, मी ते काढून घेत नाही.

पण बांधलेल्या यंत्राला काय करायचं ते सांगणार कोण? १९४५ साली त्या आकडेमोडवाल्या बायांतून सहा जणी निवडल्या. त्यांची नावं लिहितो, वाचताना जीभ अडखळली तरी वाचा: कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस, रूथ लिक्टरमन. कॅथलीन आयर्लंडात जन्मलेली, लहानपणी घरात आयरिशच बोलायची, इंग्रजी नंतर शिकली. बेटी जेनिंग्ज मिसूरीतल्या शेतकऱ्याची पोर. कुणी लाट साहेबाच्या घरातली नव्हती.

आता गंमत बघा. यंत्र लष्करी गुपित, म्हणून सुरुवातीला या सहा जणींना त्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नाही. हातात दिले फक्त जोडणीचे नकाशे. पुस्तक नाही, मास्तर नाही, आज ज्याला प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणतात तसलं काही जन्मालाच आलेलं नाही. नकाशे पुढ्यात ठेवून, यंत्र कसं विचार करत असेल ते उलटं शोधत शोधत त्या शिकल्या. मग हजारो स्विच फिरवायचे, हातभर केबली ओढून एका फळीतून दुसऱ्या फळीत खोचायच्या. एक गणित लावायला कित्येक दिवस. देवळाबाहेर उभं राहून आतल्या मूर्तीचं कुलूप उघडणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

१५ फेब्रुवारी १९४६. यंत्र जगाला दाखवायचा दिवस. गोळ्याचा हिशोब यंत्रावर लावला होता तो बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडरनं. आदल्या रात्रीपर्यंत एक खोट निघत नव्हती: गोळा जमिनीवर पडला की हिशोब थांबायला पाहिजे, तो थांबेना, गोळा आपला जमिनीत घुसतच चालला. स्नायडर घरी गेली, झोपली, सकाळी येऊन तिनं नेमका एक स्विच फिरवला. हिशोब थांबला. खरा गोळा जमिनीवर यायला ३० सेकंद घेई, यंत्रानं उत्तर दिलं २० सेकंदात. टाळ्या. संध्याकाळी मोठी मेजवानी. शास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी, सगळे जेवायला. ज्यांनी हिशोब लावला त्या बायांना आमंत्रण नाही. फेब्रुवारीच्या थंडीत त्या आपापल्या घरी गेल्या. जेनिंग्जबाईनं म्हातारपणी हे लिहून ठेवलंय, आणि इतक्या वर्षांनीही ती ती थंडी विसरलेली नाही.

पंगतीतून उठवणं आपण ऐकलंय. इथं तर पंगत वाढणारीलाच पंगत कुठं आहे ते सांगितलं नाही.

पुढं सैन्यानं भरतीच्या जाहिरातीत या यंत्राचा फोटो छापला, तो बाया कापून. यंत्र आणि बाप्या तेवढा ठेवला. चाळीसेक वर्षांनी कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीनं जुने फोटो पाहून विचारलं, या यंत्रापाशी उभ्या असलेल्या बायका कोण? तिला सांगितलं, त्या मॉडेल असतील, फ्रिजच्या जाहिरातीत बाई उभी करतात तशा, यंत्र छान दिसावं म्हणून. ती पोरगी हट्टी निघाली, तिनं त्यांना शोधून काढलं. १९९७ साली सहाही जणींचा मानानं सत्कार झाला. एकावन्न वर्षं लागली.

आणि हुद्दा? सरकारी कागदावर त्यांचा दर्जा होता सब-प्रोफेशनल. म्हणजे धंद्याच्या आत, पण उंबऱ्याखाली. त्यातल्या काहींकडं गणिताची पदवी असून. माझ्या कागदावरचं 'अकुशल' मला इथं आठवलं आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ बाहेर जाऊन आलो.

का झालं असं? यंत्र बांधणं म्हणजे मर्दाचं काम, आणि यंत्राला काय करायचं ते सांगणं म्हणजे टाइपिंगसारखी कारकुनी, असं बांधणाऱ्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून ते बायकांकडं गेलं. नंतर कळलं, सगळ्यात अवघड तेच आहे. पैसाही तिथंच आहे. मग सुरू झाली नावं बदलायची धावपळ. १९६८ साली जर्मनीत गार्मिश गावी नाटोच्या पैशानं परिषद भरली, तिथून 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे भारदस्त नाव रूढ झालं. त्याच दशकात कॅनन आणि पेरी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी प्रोग्रॅमर कसा असतो याची पाहणी केली. विचारलेल्यांत १३७८ माणसं, त्यातल्या बाया फक्त १८६. निष्कर्ष निघाला की चांगल्या प्रोग्रॅमरला कोडी आवडतात आणि माणसं आवडत नाहीत. मग कंपन्या तसल्या चाचण्या घेऊन भरती करू लागल्या. झालं! तुसडा बाप्या हीच हुशारीची खूण. अमेरिकेत १९८४च्या सुमारास कम्प्युटरची पदवी घेणाऱ्यांत शंभरात सदतीस मुली होत्या, पुढं तो आकडा अठरापर्यंत घसरला. मुलींची डोकी मधल्या काळात आटली म्हणता?

याला साले मेरिट म्हणतात. आधी मोजपट्टी स्वतःच्या अंगावर बेतायची, मग दुसऱ्याला म्हणायचं तू तोकडा.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी वेगळी. आपण ते पाठ म्हणतो, पण त्याचं दुसरं टोक ओढून बघत नाही. काम हलकं असतं म्हणून ते हलक्या मानलेल्या माणसाला देतात, एवढंच नाही. हलक्या मानलेल्या माणसानं केलं म्हणूनही काम हलकं होतं. तोच स्विच, तीच केबल. करणारा बदलला की भाव बदलला.

इंग्लंडातलं एक सांगतो, त्यावर हसावं की रडावं कळत नाही. १९५५ साली तिथल्या सरकारी नोकरीत बायकांना समान पगार द्यायचं ठरलं. पण कम्प्युटर आणि हिशोबाची यंत्रं चालवणाऱ्या श्रेण्या त्यातून वगळल्या. कारण काय? तर त्या श्रेणीत सगळ्या बायाच, तुलना करायला बाप्याच नाही, मग समान कुणाशी करणार! असल्या कायद्याला पेशवाईतही दाद मिळाली असती. त्याच देशात स्टेफनी शर्ली नावाची बाई. नाझींच्या तावडीतून १९३९ साली इंग्लंडात पोचलेली ज्यू पोर. १९६२ साली तिनं प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी काढली, घरी मुलं सांभाळत काम करणाऱ्या बायांना घेऊन. कामासाठी पत्रं पाठवी, उत्तरं येत ना. नवरा म्हणाला, सही 'स्टीव्ह' अशी कर. केली, आणि दारं उघडायला लागली. पहिल्या तीनशे माणसांत बाप्ये होते तीन. काँकॉर्ड विमानाच्या काळ्या पेटीचा प्रोग्रॅम याच बायांनी लिहिला, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या पाळण्याशेजारी.

इथपर्यंत गोऱ्या बायांची गोष्ट. आता खालची उतरंड बघू.

अमेरिकेतल्या काळ्यांचा लढा आपल्याला परका नाही, १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडूनच उचललं. तर व्हर्जिनियात लँगली इथं विमानांची सरकारी प्रयोगशाळा होती. १९४३ पासून तिथं काळ्या गणिती बायांना घ्यायला लागले. दार उघडलं कसं? रेल्वेच्या झोपायच्या डब्यांतले काळे पोर्टर, त्यांच्या युनियनचा पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ. त्यानं १९४१ साली रूझवेल्टला धमकी दिली की युद्धाच्या कारखान्यांत काळ्यांना नोकरी देत नसाल तर लाखभर माणूस वॉशिंग्टनवर आणतो. रूझवेल्टनं हुकूम काढला. लक्षात घ्या, सामान वाहणाऱ्या पोर्टरांच्या युनियननं गणिताच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं. मी गोदीतला असल्यामुळं ही ओळ मी दोनदा वाचली.

आत गेल्यावर काय? गोऱ्या बायांची गणिताची खोली वेगळी, काळ्यांची वेगळी. जेवायच्या हॉलमधे मागं एक टेबल, त्यावर पाटी: 'कलर्ड कम्प्युटर्स'. विमान उडवायला तुमचं गणित चालतं, शेजारी बसून तुमचा घास चालत नाही. मिरियम मान नावाची बाई होती. ती पाटी उचलून पर्समधे टाकायची. काही दिवसांनी दुसरी पाटी यायची, ही तीही टाकायची. नवरा म्हणायचा, नोकरी जाईल. शेवटी पाटी यायची थांबली. डोरोथी वॉन १९४९ साली त्या खोलीची प्रमुख झाली, पुढं यंत्र येऊन आपल्या बायांची नोकरी खाणार हे ओळखून स्वतः फोर्ट्रान शिकली आणि त्यांना शिकवलं. यांच्यावर पुस्तक आणि सिनेमा निघाला तो २०१६ साली.

आणखी खाली चला. न्यू मेक्सिकोत शिपरॉक, नवाहो आदिवासींचा मुलूख. १९६५ साली फेअरचाइल्ड कंपनीनं तिथं चिप जोडायचा कारखाना काढला. भरभराटीच्या काळात हजारावर कामगार, बहुतेक नवाहो बाया. सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक तारा जोडायच्या. १९६९ साली कंपनीनं माहितीपत्रक काढलं, त्यात नवाहो गालिचाची नक्षी आणि चिपची नक्षी यांचं साम्य दाखवलं. म्हणजे काय तर, या बायांच्या रक्तातच विणकाम आहे, बोटं उपजत नाजूक. वा! कौतुक वाटतं ना? हे कौतुक फार महागात पडतं, दोस्तांनो. रक्तात आहे म्हटलं की शिकलेलं उरत नाही. आणि जे शिकलेलं नाही त्याचे पैसे कशाला? 'तुमच्या लोकांना ढोल काय सुंदर वाजवता येतो, उपजतच असतं' असं म्हणत आपल्याला कुणी बिदागी न देता पाठवलंय का, आठवा. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या कम्प्युटरची स्मृतीही अशीच मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात बायांनी तारा ओवून विणली, आणि इंजिनिअर त्या पद्धतीला थट्टेनं म्हाताऱ्या बायांची पद्धत म्हणायचे. एक तार चुकली असती तर चंद्राऐवजी कुठं गेले असते, देव जाणे.

शिपरॉकला कामगारकपात झाली. १९७५ साली अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या हत्यारबंद पोरांनी कारखाना ताब्यात घेतला. कंपनीनं टाळंच ठोकलं आणि निघून गेली. पोरांचं बंड सगळ्यांना ठाऊक. त्या हजार बायांचं पुढं काय झालं, ते शोधत बसलो तर पानं रिकामी. मला त्या पोरांबद्दल आदर आहे, तरी हा काटा मनात राहिला.

आता आजचं. कॅलिफोर्निया. जगातल्या हुशारीची राजधानी, तिथं आपली माणसं पोचली. आणि त्यांच्या आधी आपले गावचे पाटीलही पोचले होते. २०२० साली तिथल्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर खटला भरला. तक्रार अशी की, एका दलित इंजिनिअरबद्दल त्याच्या सवर्ण वरिष्ठानं इतरांना सांगितलं, हा आयआयटीला मुख्य यादीतून आलेला नाही; आणि तक्रार केल्यावर त्याचं काम काढून घेतलं गेलं. कंपनीनं आरोप नाकारले. २०२३ मधे खात्यानं दोघा वरिष्ठांवरचे आरोप मागं घेतले, कंपनीवरची तक्रार ठेवली. त्याच वर्षी सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं मंजूर केलेलं तसलंच विधेयक गव्हर्नर न्यूसमनं अडवलं. म्हणे आधीचे कायदे पुरेसे आहेत. हे वाक्य आपण मंत्रालयाच्या पायऱ्यांवर किती वेळा ऐकलं?

पण मला सांगायचंय ते वेगळं. त्या खटल्याची चर्चा आपण सगळ्यांनी केली. त्याच २०२० साली गुगल, अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, सिस्को अशा कंपन्यांत काम करणाऱ्या तीस दलित बाया-इंजिनिअरांनी एक निवेदन अमेरिकेतल्या वर्तमानपत्राला दिलं. नावं न देता. आम्हाला आरक्षणामुळं नोकरी मिळाली असले टोमणे ऐकावे लागतात, आम्ही कामात चांगल्या आहोत, आम्हाला संरक्षण द्या, असा त्याचा मतलब. तीस जणी, आणि एकीलाही नाव टाकायची सोय नाही! फिलाडेल्फियातल्या सहा जणींची नावं दुसऱ्यांनी पुसली. या तीस जणींना स्वतःचं नाव स्वतःच झाकावं लागलं. सवर्ण मॅडम बाई म्हणून सोसतात ते खरंच आहे, ऐरोलीच्या मॅडमबद्दल मी आधीच लिहिलं. पण आडनाव विचारायची वेळ आली की बहिणाबहिणींचं बहीणपण कुठवर टिकतं ते या तिसांना विचारा.

आणि आपण? कट्ट्यावर किती जणांनी ते निवेदन वाचलं होतं? मी विचारलं. एकानंही नाही. मीही वाचलं होतं ते खटला शोधता शोधता.

रागावू नका. आपली मिटिंग भरते तेव्हा भाषण कोण करतं, आणि चहा कोण आणतं? पोस्टर कुणाच्या कल्पनेचं म्हणून सांगतो, आणि रात्री बसून रंगवतं कोण? आपल्या चळवळीत बायांनी काय केलं ते सांगायला १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना अख्खं पुस्तक लिहावं लागलं, गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना विचारून. तोवर आपल्या इतिहासातही बाया फोटोतल्या फ्रिजवाल्याच होत्या.

माझं स्वतःचं सांगतो. माझी ताई डीटीपीच्या दुकानात कामाला आहे. या मासिकाचे मागचे तीन अंक तिनंच टाइप केले, तिनंच पानं लावली, दुकान बंद झाल्यावर. गेल्या अंकातल्या माझ्या कवितेत एक कडवं दोनदा आलं होतं आणि शेवट पांगळा होता. ती म्हणाली, दाद्या, हे कडवं काढ आणि ही ओळ खाली घे. मी ऐटीत म्हटलं, तू टाइप कर, कविता मला कळते. तरी तिनं तसंच करून दाखवलं, आणि मी तसंच छापलं. पुढं दोन ठिकाणी लोकांनी त्या शेवटाला टाळ्या वाजवल्या. मी मान लववून घेतल्या. अंकावर माझं नाव कवी म्हणून, संपादकाचं संपादक म्हणून, प्रेसवाल्याचं सुद्धा आहे. तिचं नाही. कुणी विचारलंच तर आम्ही म्हणायचो, टायपिंग ना? ते घरचंच झालं.

हा लेखही तिनंच टाइप केला. बाप्या या शब्दावर हसली. रँडॉल्फच्या परिच्छेदाशी थांबून म्हणाली, हे आधी आण, खाली पुरलंयस. मी आणलं. मग मी तिला म्हटलं, ताई, या अंकापासून मांडणी आणि संपादनसहाय्य म्हणून तुझं नाव टाकू या. ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, नाव टाक. पण आधी मागच्या तीन अंकांचे पैसे दे.

खजिनदाराला सांगितलंय. तो म्हणाला, पुढच्या मिटिंगमधे बघू.